पिल्लू घरी कधी आणायचं? आठ आठवडे मोजा, पण पिल्लाकडेही बघा

कुत्र्याचं माझं पहिलं पिल्लू मी पस्तिसाव्या दिवशी घरी आणलं. विकणारा म्हणाला, ‘खायला लागलंय, आता आईचं काम संपलं. लहानपणी नेलंत तर लळाही जास्त लागतो.’ मला ते लगेच पटलं, कारण ते मला पटवून घ्यायचंच होतं. ओंजळीत मावणारं, मानेत नाक खुपसून झोपणारं पिल्लू हातात असताना ‘अजून तीन आठवडे थांबते’ असं म्हणायला फार मोठं मन लागतं. तेव्हा ते माझ्यापाशी नव्हतं.

पुढचे कित्येक महिने माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे होते. चावताना कुठे थांबायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. दुसरं कुत्रं दिसलं की ते पोट जमिनीला टेकवून थरथरायचं, आणि भांडं पडल्याचा आवाज झाला की कॉटखालून तासभर बाहेर यायचं नाही. पुढे ते गुणी कुत्रं झालं, भरपूर जगलं. पण आईजवळ तीन आठवड्यांत जे आपसूक झालं असतं, ते करायला मला वर्ष लागलं, आणि तेही अर्धवटच झालं. त्यानंतर मी पुष्कळ वेतांजवळ तासन्‌तास बसले आहे, ओळखीच्यांबरोबर पिल्लं बघायला गेले आहे, आणि बऱ्याच जणांना ‘आज नको, दहा दिवसांनी न्या’ असं सांगितलं आहे. ते कशावरून सांगते, ते इथे क्रमाने लिहिते. आठ आठवडे ही खालची मर्यादा आहे, तो मुहूर्त नव्हे. त्या मर्यादेपलीकडे कोणत्या दिवशी न्यायचं हे पिल्लाकडे, त्याच्या आईकडे आणि ते वाढतंय त्या जागेकडे बघून ठरवायचं असतं.

आधी जन्मतारीख पक्की करा

‘दोन महिन्यांचं आहे’ या वाक्यावर विसंबू नका. बोलण्याच्या ओघात दीड महिन्याचं पिल्लूही ‘दोन महिन्यांना आलंय’ होतं. नेमकी तारीख विचारा आणि दिवस मोजा. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. मनापासून काम करणाऱ्या ब्रीडरला तारीखच काय, कुत्री रात्री किती वाजता व्यायली आणि कोणतं पिल्लू शेवटी आलं तेही तोंडपाठ असतं. पिल्लांच्या वजनाची वही असते, पहिल्या आठवड्यातले फोटो असतात. ते बघायला मागण्यात काही गैर नाही.

तरीही शंका वाटली तर पिल्लाचं तोंड उघडून बघा. दुधाचे दात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून फुटू लागतात. आधी सुळे आणि पुढचे बारीक दात येतात, मागच्या दाढा नंतर. आठव्या आठवड्यापर्यंत बहुतेक पिल्लांचे सगळे २८ दात आलेले असतात. मागे नुसतीच हिरडी लागत असेल तर वय सांगितलं त्यापेक्षा कमी असण्याची शक्यता मोठी. अगदी लहान चणीच्या जातींत दात थोडे उशिरा येतात, त्यामुळे एकट्या दातांवरून कुणाला खोटं ठरवू नका. पण दात, चाल आणि वजन तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर तिथून उठा.

आईजवळ काय काय घडत असतं

पहिले दोन आठवडे पिल्लू आंधळं आणि बहिरं असतं. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, कान त्यानंतर काही दिवसांनी. अंगाची ऊब त्याला स्वतःची स्वतः टिकवता येत नाही. आईने चाटल्याशिवाय शी-शूसुद्धा होत नाही. या दिवसांत ते फक्त पितं, झोपतं आणि वाढतं.

तिसऱ्या आठवड्यापासून सगळं बदलतं. पिल्लू लटपटत उभं राहतं, आवाजाने दचकतं, भावंडांचे कान तोंडात धरू लागतं. तीन-चार आठवड्यांचं झालं की पातळ केलेला खुराक चाटायला शिकतं. इथेच माझी फसगत झाली होती. खायला लागणं म्हणजे दूध तुटणं नव्हे. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत पिल्लं मधूनमधून अंगावर पितच असतात. आता त्यांना सुईसारखे दात आलेले असतात, त्यामुळे आई जास्त वेळ पाजत नाही. उठून जाते, गुरगुरते, क्वचित पिल्लाचं तोंड आपल्या जबड्यात हलकेच धरून त्याला बाजूला करते. बघणाऱ्याला वाटतं, ही आता पिल्लांना कंटाळली. मला वाटतं, पिल्लाच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोलाचं शिक्षण असेल. हवं ते लगेच मिळत नाही, समोरच्याने नको म्हटलं की मागे सरायचं, आणि मागे सरलं तरी काही बिघडत नाही, हे तिथे कळतं. हे शिकलेलं पिल्लू घरी आल्यावर तुमचं ‘नको’ ऐकून भेदरत नाही आणि चिडतही नाही.

भावंडांचा धडा वेगळा. एका वेताजवळ सहाव्या आठवड्यात बसले होते, तेव्हाची गोष्ट. करड्या रंगाचं एक थोराड पिल्लू काळ्या बहिणीच्या कानाला लोंबकळत होतं. ती आधी नुसती मान झटकत होती. मग त्याने जबडा आवळला. ती एकदम ‘क्यांव’ करून ओरडली, त्याच्याकडे पाठ केली आणि चार पावलं जाऊन बसली. करडं पिल्लू जागीच थबकलं. दोनदा शेपूट हलवलं, तिच्यापाशी गेलं, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली आणि मागचा भाग वर करून ‘खेळू या ना’ म्हणालं. तिने बघितलंच नाही. अर्ध्या मिनिटाने त्याने पुन्हा तिचा कान धरला, पण आता नुसता ओठांत. ती खेळायला लागली. तासाभरात असं मी पाच-सहा वेळा पाहिलं. दिवसभरात किती वेळा होत असेल, आणि तीन आठवड्यांत किती, याचा अंदाज करा. जबड्याला किती जोर द्यायचा ते पिल्लू असं शिकतं. माणसाने कितीही मन लावून शिकवलं तरी त्याच्या हाताला कुत्र्याचा कान नसतो.

इटलीतल्या संशोधकांनी २०११ साली १४० कुत्र्यांची तुलना प्रसिद्ध केली. अर्धी ३० ते ४० दिवसांच्या वयात आईपासून तोडलेली होती, अर्धी दोन महिन्यांची झाल्यावर. लवकर तोडलेल्यांमध्ये अति भुंकणं, फिरताना घाबरणं, आवाजांनी बिथरणं, खाण्यावरून आणि खेळण्यांवरून गुरगुरणं, घरातल्या वस्तू फाडणं हे सगळं जास्त आढळलं. ते वाचताना मला माझं पहिलं पिल्लूच समोर दिसत होतं.

मग बारा आठवडे तिथेच का ठेवू नये?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ‘जितकं उशिरा तितकं चांगलं’ असं नाही. पिल्लू माणसाळण्याचा काळ तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो आणि बारा ते चौदा आठवड्यांच्या आसपास ओसरतो. या काळात जे जे भीती न वाटता ओळखीचं होतं, ते आयुष्यभर ‘आपलं’ राहतं. जे दिसलंच नाही, ते पुढे ‘परकं’ ठरतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिथल्याच एका प्रयोगात, जो १९६१ साली प्रसिद्ध झाला, पिल्लं कुंपण घातलेल्या शेतात माणसांपासून दूर वाढवली आणि वेगवेगळ्या वयात थोडे दिवस माणसांच्या सहवासात आणली. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना माणसाचा सहवास मिळालाच नाही, ती नंतर प्रयत्न करूनही नीट माणसाळली नाहीत.

म्हणजे दोन घड्याळं एकाच वेळी चालू असतात. एक म्हणतं, आईजवळ अजून राहू दे. दुसरं म्हणतं, जग दाखवायला उशीर करू नकोस. आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान दोघांचं बऱ्यापैकी जमतं, म्हणून सर्वसाधारण जातींसाठी मी याच दिवसांत पिल्लू न्यायला सांगते. भारताचे २०१७चे कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीचे नियम असोत की इंग्लंडचे २०१८चे परवाना-नियम, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला दोन्हीकडे मनाई आहे. पण कायदा फक्त खालची रेघ आखून देतो. आठ आठवड्यांनंतर थांबायचं की नाही, हे पिल्लू कुठे आणि कसं वाढतंय त्यावर ठरतं. घरात, माणसांच्या वावरात, रोज नवे आवाज ऐकत, वेगवेगळ्या जमिनीवर चालत, पाहुण्यांच्या मांडीवर बसत वाढणारं पिल्लू दहा किंवा बारा आठवड्यांपर्यंत आईजवळ राहिलं तर त्याचा फायदाच आहे. मागच्या खोलीत किंवा पिंजऱ्यात, दिवसातून दोनदा खाणं ठेवायला येणाऱ्या हातापलीकडे काही न बघता वाढणाऱ्या पिल्लाचा मात्र आठव्या आठवड्यानंतरचा प्रत्येक दिवस वाया जातो. अशा ठिकाणाहून पिल्लू घ्यावं का, हा त्याहून मोठा प्रश्न, आणि माझं उत्तर ‘शक्यतो नको’ असं आहे.

आणखी एक बाब. साधारण आठ ते दहा आठवड्यांत बऱ्याच पिल्लांचा एक हळवा काळ येतो. काल ज्याच्याशी खेळलं त्याच बादलीला आज बुजतं. याच दिवसांत घर बदलणं चुकीचं नाही, पण ते बदलणं शांतपणे व्हायला हवं. लांबचा खडतर प्रवास, घरात सोहळा, वीस माणसांची गर्दी असं काही ठरलेलं असेल तर पिल्लू आणायचा दिवस आठवडाभर पुढे ढकला.

आकार आणि वेत पाहून दिवस पुढे-मागे करा

चिवावा, यॉर्कशायर टेरियर, पॉमेरेनियन अशा चिमुकल्या जातींची पिल्लं मी दहा आठवड्यांच्या आत नेऊ देत नाही. बरेच चांगले ब्रीडर बारा आठवडे थांबतात. कारण साधं आहे. एवढ्याशा अंगात साखरेचा साठा फार थोडा असतो. प्रवासाच्या ताणात एक-दोन वेळा खाणं चुकलं तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते. पिल्लू मलूल होतं, झोकांड्या खातं, थरथरतं, कधी झटके येतात. असं दिसलं तर हिरड्यांना थोडं साखरेचं दाट पाणी किंवा मध चोळा आणि पिल्लू ऊबेत गुंडाळून तडक पशुवैद्याकडे न्या. त्यासाठी हाताशी काय ठेवायचं, हे ब्रीडरने आधीच सांगायला हवं.

मोठ्या जातींची पिल्लं आठव्या आठवड्यात अंगाने चांगली भरलेली असतात. त्यामुळे ‘एवढं मोठं दिसतंय, सहाव्या आठवड्यातच न्या’ असा आग्रह होतो. अंग मोठं झालं म्हणून डोकं लवकर मोठं होत नाही. लॅब्रॅडॉरच्या पिल्लालाही भावंडांचे तेवढेच दिवस लागतात.

वेतात एकच पिल्लू असेल तर वेगळा विचार करावा लागतो. त्याला कान धरायला भावंडच नसतं. अशा पिल्लाला आईजवळ थोडं जास्त ठेवणं आणि शक्य असेल तर त्याच वयाच्या निरोगी पिल्लांत किंवा संयमी, लसीकरण झालेल्या मोठ्या कुत्र्याबरोबर सोडणं गरजेचं असतं. आई दगावलेल्या, बाटलीवर वाढलेल्या पिल्लांनाही हेच लागू आहे.

दोनदा भेटायला जा

एका भेटीत ठरवू नका. पहिली भेट पाचव्या-सहाव्या आठवड्यात असू द्या, दुसरी न्यायच्या आधी दोन-तीन दिवस. पिल्लू भरल्या पोटी झोपलेलं असेल तर काहीच कळत नाही, म्हणून ती जागी असतील अशी वेळ विचारून जा.

आधी आईकडे बघा. ती समोर यायलाच हवी. ‘आई आज इथे नाही’ हे वाक्य ऐकलं की मी चप्पल घालते. पिल्लांमुळे तिने थोडं सावध असणं स्वाभाविक आहे, पण ब्रीडरने हाक मारल्यावरही ती कोपऱ्यात दबून बसत असेल किंवा दात काढून अंगावर येत असेल तर तो स्वभाव पिल्लांतही थोडाफार उतरलेला असू शकतो. तिची आचळं ओढली गेलेली, आता आटत आलेली दिसली तर तीच पिल्लांची आई आहे याची खूणही पटते.

मग जमिनीवर बसा आणि काही करू नका. पाच मिनिटं गप्प बसणं अवघड जातं, पण त्यातच सगळं दिसतं. तयार झालेलं पिल्लू तुमच्याकडे येतं, बोटं हुंगतं, मग आपल्या उद्योगाला जातं आणि परत येतं. ‘परत येणं’ माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. सतत अंगावर चढणारं पिल्लू गोड वाटतं, पण ते कधीकधी स्वतःला शांत करता न येणारंही असतं. पाच मिनिटांत एकदाही जवळ न येणाऱ्या पिल्लाला अजून वेळ आणि माणसं हवी असतात.

त्यानंतर किल्ल्यांचा जुडगा दोन हात अंतरावर जमिनीवर टाका. कानाजवळ मुळीच नाही. पिल्लू दचकेल, दचकलंच पाहिजे. बघायचं ते पुढचं. काही क्षणांत सावरून जुडगा हुंगायला गेलं तर उत्तम. मागे सरून लांबून बघत राहिलं आणि मिनिटभराने आलं तरी चालेल. पळून आईमागे लपलं आणि बाहेर यायलाच तयार नसेल, तर ते पिल्लू अजून तयार नाही. असं दिसलं तर ब्रीडरला सांगून आठवडाभराने पुन्हा हेच करून बघा. एखादा वाईट दिवस कुणाचाही असू शकतो.

पिल्लाला उचलून छातीशी धरा, पंजे हाताळा, कान उलगडा, ओठ वर करा. थोडं वळवळलं आणि मग सैल पडलं तर त्याला माणसांच्या हातांची सवय आहे. लाकडासारखं ताठ झालं, किंवा सुटण्यासाठी जिवाच्या आकांताने धडपडत राहिलं, तर इथे पिल्लांना कुणी फारसं हाताळत नाही असं समजा.

भावंडांपासून दहा मिनिटं वेगळ्या खोलीत नेऊन बघायला परवानगी मिळाली तर सोडू नका. थोडं कुईं-कुईं करेल. मग तुमच्यात, खेळण्यात किंवा खाण्यात लक्ष घालेल. खाणं पुढे असूनही तोंड लावत नाही, धापा टाकतं, लाळ गाळतं, अशी स्थिती असेल तर घरी पहिली रात्र त्याला फार जड जाईल. अशा पिल्लांना चांगले ब्रीडर सातव्या आठवड्यापासून थोडा-थोडा वेळ एकटं ठेवायची सवय लावतात. ती लागेपर्यंत थांबा.

अंगाची तपासणी

ही तपासणी पशुवैद्याची जागा घेत नाही, पण वरवरचं तुम्हालाही दिसतं. हिरड्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या फिकट असतील तर जंत किंवा गोचिडांमुळे रक्त कमी झालं असण्याची शक्यता असते. डोळ्यांत चिपाडं आणि नाकातून शेंबूड नको. कानातून घाण वास येता कामा नये. जेवणानंतर पोट टम्म होणं ठीक, पण फासळ्या दिसताहेत आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, हे जंतांचं लक्षण. शेपटीखाली बघा, चिकटलेली पातळ शी असेल तर विचारा. बेंबीशी मऊ गोळी लागली तर तो छोटा हर्निया असतो. पुष्कळदा तो आपोआप बुजतो, पण पशुवैद्याला दाखवा. नर पिल्लाचे दोन्ही वृषण आठव्या आठवड्यापर्यंत बहुधा खाली उतरलेले असतात. नसतील तर नोंद करून ठेवा, काहींचे उशिरा उतरतात.

वजन कुठल्याही तपासणीपेक्षा जास्त सांगतं. शेवटच्या दोन आठवड्यांचे आकडे मागा. पिल्लू दर आठवड्याला अंग धरत असायला हवं. दूध तुटताना वजन खुंटलं असेल तर ते स्वतःच्या खाण्यावर अजून नीट आलेलं नाही. सलग चार-पाच दिवस आईच्या दुधाशिवाय, कुणी आग्रह न करता, वाटी संपवतंय आणि शी बांधून होतेय, एवढं झालं की खाण्याच्या बाजूने ते तयार.

लस आणि जंत

व्यायल्यानंतरचा पहिला चीक पिल्लाला रोगांपासून वाचवतो. आईकडून येणारी बहुतेक संरक्षक द्रव्यं चिकातूनच, जन्मानंतरच्या साधारण पहिल्या दिवसातच शरीरात शिरतात. पुढे काही आठवड्यांत ती ओसरत जातात. ती अंगात जास्त असतील तोवर लस नीट लागू पडत नाही. ती पुरेशी उरलेली नाहीत पण लस अजून लागू पडलेली नाही, अशी एक फट मध्ये पडते, आणि पार्वो, म्हणजे पिल्लांना रक्ताची शी आणि उलट्या होणारा जीवघेणा विषाणूजन्य रोग, याच फटीतून आत शिरतो. ही फट प्रत्येक पिल्लात वेगळ्या दिवशी येते, म्हणून एक लस देऊन भागत नाही. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशन या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेचा सल्ला असा: डिस्टेंपर, ॲडिनोव्हायरस आणि पार्वो या विषाणूंवरची लस ६ ते ८ आठवड्यांत सुरू करावी, दर २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा द्यावी, आणि शेवटची १६ आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर पडावी. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांपासून.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. ‘पाचव्या आठवड्यात लस दिलीय, आता न्यायला हरकत नाही’ हे बोलणं चूक आहे. आणि आठव्या आठवड्यात पिल्लू नेताना निदान पहिली लस झालेली असावी. लसीच्या पुस्तिकेत तारीख, लसीच्या बाटलीवरचं चिकटवलेलं लेबल आणि पशुवैद्याची सही-शिक्का हवा. नुसतं पेनाने लिहिलेलं ‘लस दिली’ मी धरत नाही.

जंत तर पिल्लू आईच्या पोटातूनच घेऊन येतं. गोलकृमी गर्भातच शिरतात, अंकुशकृमी दुधातून येतात. म्हणून जंतनाशक दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी दिलेलं असायला हवं. नेताना तोवरच्या तीन-चार मात्रांच्या तारखा आणि औषधाचं नाव लिहून घ्या, म्हणजे तुमचा पशुवैद्य तिथून पुढे नेईल.

ब्रीडरला काय विचाराल, आणि उत्तरात काय ऐकाल

प्रश्न फार नकोत. पिल्लं कोणत्या खोलीत वाढली? आजवर किती वेगवेगळ्या माणसांनी त्यांना हाताळलं, त्यांत मुलं होती का? हे पिल्लू त्याच्या भावंडांत कसं आहे? मला हे पिल्लू सांभाळणं जमलं नाही तर तुम्ही परत घ्याल का? शेवटच्या प्रश्नावर चेहरा बघा. चांगला ब्रीडर एक क्षणही न दवडता ‘हो, कधीही’ म्हणतो, कारण आपलं पिल्लू कुठेही रस्त्यावर येऊ नये असं त्याला वाटतं.

तुम्हालाही तो प्रश्न विचारेल. दिवसभर घरी कोण असतं, आधी कुत्रं होतं का, घर बदलायचा बेत आहे का. असे प्रश्न ऐकून रागावू नका. ज्याने काहीच विचारलं नाही त्याच्याबद्दल मला काळजी वाटते. तसंच ‘दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय, आजच ठरवा’, ‘रस्त्यात मधल्या ठिकाणी भेटू, घरी यायची गरज नाही’, ‘सहा आठवड्यांचं नेलंत तर थोडं कमी करतो’, यांतलं काहीही कानावर पडलं तर परत फिरा. त्या पिल्लाची दया येऊन ते उचललं तर त्याच कुत्रीवर पुढच्या वेताची वेळ लवकर येते.

लवकर आणूनच झालं असेल तर

तुमच्या घरात आत्ता पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू असेल, तर स्वतःला दोष देत बसू नका. मीही त्यातूनच गेले आहे. आणून एक-दोन दिवसच झाले असतील, भावंडं अजून आईजवळ असतील आणि जागा स्वच्छ, निरोगी असेल, तर पिल्लू दोन आठवड्यांसाठी परत नेऊन ठेवता येईल का, हे ब्रीडरला आणि पशुवैद्याला विचारा. जागेबद्दल शंका असेल तर हा विचार सोडा, रोग घेऊन येण्यापेक्षा घरीच राहिलेलं बरं.

घरी ठेवणार असाल तर त्याला ऊब द्या, दिवसातून चार-पाच वेळा थोडं-थोडं खायला द्या आणि पहिल्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. चावण्याचा धडा आता तुम्हाला द्यायचा आहे. दात जोरात लागले की हात झटकू नका, झटकलेला हात पिल्लाला खेळणं वाटतो. हात सैल सोडा, खेळ थांबवा, तोंड फिरवा. अर्ध्या मिनिटाने पुन्हा खेळा. त्या काळ्या बहिणीने केलं तेच. घरातल्या प्रत्येकाने असंच करायचं, नाहीतर पिल्लू गोंधळतं. थोबाडीत मारणं, नाक दाबणं अजिबात नको. त्याने हात जवळ आला की पिल्लू आधीच दात दाखवायला शिकतं. आणि ओळखीत एखादी शांत, लसीकरण झालेली, पिल्लांना सोसणारी मोठी कुत्री असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा भेट घडवा. माझ्या दुसऱ्या पिल्लाच्या वेळी शेजारच्या म्हाताऱ्या कुत्रीने एका गुरगुरण्यात जे शिकवलं, ते पहिल्याला शिकवायला मला महिनाभर लागला होता.

न्यायचा दिवस

चार-पाच दिवस आधी एक जुनं सुती कापड ब्रीडरकडे देऊन ठेवा आणि ते आईच्या, भावंडांच्या अंथरुणात टाकायला सांगा. नेताना ते न धुता घेऊन या. सध्या जे खाणं चालू आहे तेच आठवडाभर पुरेल एवढं घ्या. नवं खाणं त्यानंतर हळूहळू मिसळा. सकाळी निघा, म्हणजे रात्र व्हायच्या आत पिल्लाला घर हुंगायला वेळ मिळेल. निघण्याआधी दोन-तीन तास पोटभर खाऊ घालू नका, गाडीत उलटी होते. चिमुकल्या जातीचं पिल्लू असेल तर मात्र उपाशी ठेवू नका, थोडं खायला देऊनच निघा.

पहिल्या रात्री पिल्लाला दुसऱ्या खोलीत बंद करू नका. आजवर ते कधीच एकटं झोपलेलं नाही. तुमच्या अंथरुणाशेजारी खोक्यात किंवा पिंजऱ्यात ते कापड घालून ठेवा, रडलं तर हात आत सोडा.

दोन-तीन दिवसांत पशुवैद्याकडे जाऊन या, वही आणि लसीची पुस्तिका बरोबर घेऊन. रक्त पडणारी शी, उलट्या किंवा खाणं पूर्ण सोडणं यांपैकी काही दिसलं तर त्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या. पार्वोमध्ये तास मोजावे लागतात. सगळं ठीक असेल तर पहिल्या लसीनंतर आठवडा उलटला की ओळखीच्या, लसीकरण झालेल्या कुत्र्यांच्या भेटी सुरू करा. अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर ही प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या पशुवैद्यांची संघटनाही पिल्लांच्या प्रशिक्षण-वर्गासाठी पहिली लस, त्यानंतर सात दिवस आणि जंतनाशकाची पहिली मात्रा, एवढंच किमान सांगते. अनोळखी कुत्री जिथे शी करतात त्या जमिनीवर मात्र लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाचे पाय टेकू देऊ नका, पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्याला कडेवर घ्या आणि रस्ता, गाड्या, छत्र्या, लहान मुलं, दाढीवाले आजोबा, सगळं तिथून दाखवा. बारा आठवडे व्हायला आता जेमतेम महिना उरलेला असतो.